बाउन्स न होणारा कागद

आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात एक निळी फाईल आहे. तिच्यात लाइट बिलं, घरपट्टीच्या पावत्या, माझं दहावीचं मार्कशीट आणि सगळ्यात शेवटी एका डिमांड ड्राफ्टची झेरॉक्स. रक्कम रुपये एक लाख पाच हजार फक्त. साल २००९.

त्या वर्षी बाबांनी आमची ओम्नी विकली. ताईची इंजिनिअरिंगची ॲडमिशन तोंडावर आली होती आणि फीचे पैसे उभे करायचे होते. गिऱ्हाईक आलं ते शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला, म्हणजे बँक बंद झाल्यावर. (हा योगायोग नव्हता, हे आम्हाला नंतर कळलं.) माणूस गोड बोलणारा. म्हणाला, "काका, चेक देऊन तुम्हाला टेन्शन कशाला देऊ? ड्राफ्टच आणलाय. ड्राफ्ट बाउन्स होत नाही." बाबांनी कागद उजेडात धरून पाहिला. नॅशनलाइज्ड बँक, शिक्के जागच्या जागी, दोन सह्या. आईने चहा केला. बाबांनी आरटीओच्या फॉर्मवर सह्या केल्या आणि किल्ली दिली.

सोमवारी ड्राफ्ट भरला. गुरुवारी बँकेतून फोन आला. या नंबरचा ड्राफ्ट त्या शाखेतून खरंच निघाला होता. कागद खरा, नंबर खरा, सह्याही खऱ्या. फक्त तो पाचशे रुपयांचा होता. आकडे आणि अक्षरं कुठल्यातरी केमिकलने धुऊन वर नवी रक्कम लिहिली होती. पोलीस तक्रार झाली, ओम्नी काही परत मिळाली नाही. ताईची फी बाबांनी पीएफमधून भरली. मी तेव्हा सहावीत होतो. घरात त्या आठवड्यात कुणी मोठ्याने बोललं नाही, एवढंच मला आठवतं.

हे सगळं आठवायचं कारण, गेल्या महिन्यात आम्ही आमची जुनी वॅगनार विकायला काढली. गाडी बघायला आलेला मुलगा माझ्याच वयाचा. तो सहज म्हणाला, "काका, मी डीडी आणतो. एकदम सेफ." बाबा काही न बोलता उठून गॅलरीत गेले.

त्या रात्री मी शोधायला बसलो. 'ड्राफ्ट बाउन्स होत नाही' हे वाक्य आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. पण म्हणजे नक्की काय होतं? हमी कोण देतं, कशाची देतं आणि कुठे संपते? वाचता वाचता दोन विकांत गेले. त्यातून जे हाती लागलं ते असं.

चेक म्हणजे नुसती चिठ्ठी

सुरुवात साध्या चेकपासून करू. चेक म्हणजे पैसे नव्हेत. तुमच्या बँकेला तुम्ही लिहिलेली ती एक चिठ्ठी आहे: माझ्या खात्यातून या माणसाला इतके दे. आपल्याकडे हे सगळं १८८१ सालच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टखाली चालतं. हा कायदा ब्रिटिशांच्या काळातला, पण अजून लागू आहे.

त्यातलं एकतिसावं कलम गमतीचं आहे. खात्यात पुरेसे पैसे असून बँकेने चेक वटवला नाही, तर नुकसानभरपाई द्यायची ती चेक लिहिणाऱ्याला. चेक हातात घेऊन काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला नाही. कारण बँकेचा त्याच्याशी करारच नाही! म्हणजे चेक घेताना तुम्ही दोन गोष्टींवर विसंबता: समोरच्याच्या खात्यात पैसे आहेत, आणि चेक वटेपर्यंत ते राहतील. दोन्ही गोष्टी तुम्हाला दिसत नाहीत.

चेक परत गेला की तुरुंगात जायची भीती असते ती १३८ व्या कलमामुळे. पण ते कलम आलं १९८८ च्या दुरुस्तीने आणि लागू झालं १ एप्रिल १९८९ पासून. त्याआधी शंभराहून जास्त वर्षं हा कायदा त्या कलमाशिवायच चालू होता. तेव्हाच्या व्यापाऱ्याने अनोळखी माणसाचा चेक का घ्यावा? बहुतेकदा घेतच नसे. त्याला हवा असे बँकेच्या स्वतःच्या नावावरचा कागद.

पण ही कल्पना बँकेची नाहीच

बँका यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे हुंडी होती. सुरतेचा सराफ पुण्याच्या आडत्यावर हुंडी लिहायचा, ती दाखवली की पुण्यात पैसे मिळायचे. नाणी बैलावर लादून घाटातून न्यायची गरज नाही, लुटारूंची भीती नाही. मराठी राज्याचा वसूल आणि फौजेचा खर्च सावकारांच्या हुंड्यांमधून इकडून तिकडे फिरायचा. त्यासाठी सराफ जो दर लावायचा त्याला आपल्या भाषेत फर्मास शब्द आहे: हुंडणावळ. आज बँक ड्राफ्टवर घेते ते कमिशन म्हणजे हुंडणावळच, फक्त वर जीएसटी.

हुंडीचे प्रकार बघा. दाखवताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी द्यायचे ती मुदती. शाहजोग हुंडी तर कुणाही ऐऱ्यागैऱ्याला वटवता यायची नाही. पैसे मिळायचे ते बाजारात पत असलेल्या 'शहा'लाच. चोराने हुंडी पळवली तरी त्याला असा शहा गाठावा लागे, आणि शहा विचारणारच, बाबा रे, ही तुझ्याकडे आली कुठून? आजच्या 'अकाउंट पेयी' क्रॉसिंगची ही आजीच म्हणायची.

हुंडी हरवली तर दुसरी प्रत मिळायची, तिला म्हणत पेठ. तीही हरवली तर परपेठ. आणि समोरच्या सराफाने पैसे द्यायला नकार दिलाच तर? त्याचीही सोय होती. जिक्री चिठ्ठी. त्याच गावातल्या दुसऱ्या एखाद्या माणसाला लिहिलेली विनंती, की ही हुंडी परत गेली तर तू ती सोडव. आमच्या धंद्यात याला फेलओव्हर म्हणतात आणि त्यावर तीन-तीन तास मीटिंगा होतात :-)

पण मला सगळ्यात आवडलं ते रक्कम लिहिण्याचं तंत्र. हुंडीवर नुसतं 'रुपये हजार' लिहून भागत नसे. हजार, त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरे हजार, अशी तीच रक्कम फिरवून फिरवून लिहायची. का? एक आकडा बदलायचा तर बाकीचे सगळे जुळवून बदलावे लागतात. हा चक्क चेकसम आहे! आकडा आणि अक्षर दोन्ही लिहायचं, शेवटी 'फक्त' किंवा 'मात्र' लिहून पुढची जागा बंद करायची, या आपल्या सवयींमागेही हीच भीती आहे. कागदाला खाडाखोड करणारे हात जुनेच आहेत.

बँक शिक्का मारते तेव्हा

बँकेची हमी मिळवायचे दोन मार्ग निघाले. पहिला असा: चेक लिहिणार तुम्हीच, पण तुमची बँक त्यावर शिक्का मारणार की हा चेक चांगला आहे, पैसे मिळतील. अमेरिकेत याला सर्टिफाइड चेक म्हणतात आणि तिथे तो चांगला रुजला. शिक्का मारताना बँकेने तेवढी रक्कम खात्यातून बाजूला काढून ठेवावी, अशी अपेक्षा.

आता अपेक्षा म्हटली की घोटाळा आलाच. न्यूयॉर्कच्या सोन्याच्या बाजारातल्या दलालांना दिवसभर प्रचंड रकमांचे चेक द्यावे लागत. संध्याकाळपर्यंत विक्रीचे पैसे येणार असत, पण सकाळी खात्यात नसत. ओळखीच्या बँका बिनदिक्कत शिक्के मारून देऊ लागल्या. शेवटी ३ मार्च १८६९ ला अमेरिकन काँग्रेसने कायदा केला, की खात्यात तितके पैसे नसताना नॅशनल बँकेच्या अधिकाऱ्याने चेक सर्टिफाय करायचा नाही. कायदा होऊन सात महिनेही झाले नव्हते आणि जे गूल्ड आणि जिम फिस्क या जोडगोळीने बाजारातलं सोनं कोंडून भाव चढवायचा डाव टाकला. त्यांच्या ताब्यात होती टेन्थ नॅशनल बँक. तिने त्यांच्या दलालांना खात्यातल्या पैशांच्या कितीतरी वर शिक्के मारून दिले. २४ सप्टेंबर १८६९, शुक्रवार. शंभर डॉलरच्या सोन्याचा भाव १६० कागदी डॉलरच्या वर गेला, मग सरकारने स्वतःचं सोनं विकायला काढलं आणि भाव धाडकन कोसळला. ब्लॅक फ्रायडे म्हणतात तो हाच. त्या दिवशी बाजारात फिरणाऱ्या कित्येक चेकांवर बँकेचा शिक्का होता. शिक्क्यामागे पैसे नव्हते.

आपल्याकडे या शिक्क्याची गोष्ट वेगळ्याच वळणाने गेली. कलकत्त्यात एका बँकेच्या मॅनेजरने पुढच्या तारखेच्या चेकवर, त्या तारखेला पैसे मिळतील असं लिहून सही दिली. दुसऱ्या बँकेने त्या शेऱ्यावर विसंबून पैसे दिले. तारीख आली, चेक परत गेला. बँक ऑफ बडोदा विरुद्ध पंजाब नॅशनल बँक असा हा खटला पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला आणि १९४४ मध्ये निकाल लागला. चेकवर नुसतं 'गुड फॉर पेमेंट' लिहिणं म्हणजे कायद्याच्या अर्थाने बँकेने तो स्वीकारला असं होत नाही. शिवाय पुढच्या तारखेच्या चेकवर असा शेरा मारायचा मॅनेजरला अधिकारच नव्हता. म्हणजे बँकेच्या मॅनेजरने, बँकेत बसून केलेली सही, आणि तिला बँक बांधील नाही!

माझ्या डोळ्यासमोर आधी शेऱ्यावर विसंबलेली ती दुसरी बँक आली आणि मग बाबा आले. जिथे बँकाच एकमेकींची सही वाचताना चुकतात, तिथे शनिवारी दुपारी गॅलरीच्या उजेडात ड्राफ्ट बघणारा माणूस काय करणार?

पैसे आधी, कागद नंतर

दुसरा मार्ग जास्त सरळ. कागद बँकेनेच लिहायचा. तुम्ही आधी पैसे भरता, बँक ते तुमच्या खात्यातून काढून स्वतःच्या 'देय ड्राफ्ट' खात्यात टाकते आणि स्वतःच्याच दुसऱ्या शाखेला हुकूम लिहिते, की हा कागद आणणाऱ्या अमक्याला इतके दे. हा डिमांड ड्राफ्ट. १८८१ च्या कायद्यात त्यासाठी १९३० मध्ये ८५-अ हे खास कलम घातलं गेलं. कागद त्याच गावात वटणार असेल तर पे ऑर्डर किंवा बँकर्स चेक. तत्त्व तेच.

(एक खुलासा. 'बँक गॅरंटी' नावाचा वेगळा प्रकार असतो. कंत्राटदार काम अर्धवट टाकून पळाला तर बँक पैसे भरेल, असा तो स्वतंत्र करार. ड्राफ्टशी त्याची गल्लत करू नका. ड्राफ्टमध्ये 'जर-तर' नाही.)

यात फरक काय पडला? आता पैसे देणं लागते ती बँक. ड्राफ्ट काढणाऱ्याने उद्या दिवाळं काढलं तरी कागद वटतो. ड्राफ्ट समोरच्याच्या हाती पडला की 'थांबवा, माझं मन बदललं' असंही त्याला म्हणता येत नाही. पैसे आधीच घेतलेले असल्यामुळे 'खात्यात पैसे नाहीत' हा शेरा ड्राफ्टवर येऊच शकत नाही. बाउन्स होत नाही म्हणतात ते याच अर्थाने. आणि ड्राफ्ट वटेपर्यंत ते पैसे बँकेकडे बिनव्याजी पडून असतात, वर कमिशन. धंदा वाईट नाही!

आता यातली अडचण बघा. नागपूरच्या शाखेने मुंबईच्या शाखेवर ड्राफ्ट काढला. मुंबईच्या कारकुनाला कसं कळणार की हा कागद नागपूरने खरंच काढलाय? कॉम्प्युटर नव्हते तेव्हा त्याच्याकडे दोन साधनं असत. एक, सह्यांचं पुस्तक, बँकेतल्या सही करायचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्यांच्या नमुना सह्यांचं. दुसरं, ॲडव्हाइस. नागपूरची शाखा ड्राफ्ट गिऱ्हाइकाच्या हातात देई आणि पोस्टाने मुंबईला वेगळं पत्र पाठवी, की या नंबरचा, इतक्या रकमेचा, अमक्याच्या नावाचा ड्राफ्ट आम्ही काढलाय. कागद एका वाटेने आणि खबर दुसऱ्या वाटेने. दोन्ही जुळलं तर पैसे. हुंडीचे सराफही हेच करत, हुंडीच्या आगेमागे आडत्याला पत्र जाई.

जुन्या लोकांना आठवत असेल, 'ॲडव्हाइस आलेलं नाही' म्हणून ड्राफ्ट अडकायचे. तेव्हा लोक कारकुनाच्या नावाने बोटं मोडायचे. मला मात्र आता वाटतं, त्या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तो ड्राफ्टचा छापील कागद नव्हताच. महत्त्वाचं होतं ते पोस्टाने येणारं साधं पत्र. आमच्या ड्राफ्टवर खाडाखोड केलेली नजरेला कुणालाच दिसली नाही. पाचशेचे एक लाख पाच हजार झाल्याचं कळलं ते बँकेने आपल्या नोंदीशी ताडून पाहिल्यावर. फक्त ती नोंद बँकेकडे होती, आणि बाबांच्या हातात होता कागद.

१९९२: कागद खरा, पत्ता चुकलेला

बरं, कागद शंभर टक्के खरा असेल, रक्कम खरी, बँक खरी, तर सगळं ठीक? याचं उत्तर हर्षद मेहता प्रकरणात आहे. २३ एप्रिल १९९२ ला सुचेता दलाल यांनी टाइम्स ऑफ इंडियात त्याची पहिली बातमी दिली. आपण सगळ्यांनी त्यावरची वेब सिरीज बघितलीय, त्यामुळे शेअर बाजाराचा भाग सोडून देतो. त्यातला चेकचा भाग पाहू, तो जास्त भारी आहे.

बँका सरकारी रोखे एकमेकींना विकायच्या, दलाल मध्ये. रोखे घेणारी बँक पैसे देताना चेक काढायची विकणाऱ्या बँकेच्या नावाने. चेक दलालाच्या नावाने नाहीच, म्हणजे सुरक्षित. पण तो चेक हातोहात पोचवायचा कोण? दलाल. आणि बँकेच्या नावाचा चेक बँकेतच आला, की तो आत कुठल्या खात्यात जमा करायचा? इथे ठिगळ होतं. काही बँका तो चेक घेऊन आलेल्या दलालाच्या सांगण्यावरून त्याच्याच खात्यात जमा करू लागल्या. 'अकाउंट पेयी'ची रेघ सांगते की पैसे ज्याच्या नावे चेक आहे त्यालाच द्या. नाव बँकेचं, पैसे बँकेतच आले. मग नियम मोडला का? कागदावर म्हणाल तर नाही.

नॅशनल हाउसिंग बँकेने एएनझेड ग्रिंडलेज बँकेच्या नावे काढलेले चेक असेच हर्षद मेहताच्या खात्यात जमा झाले. रक्कम पाचशे कोटींच्या वर. दोन्ही बँकांचं त्यावरून पुढे दहाएक वर्षं भांडण चाललं. चेक खोटे नव्हते, परत गेले नव्हते, मागे पैसे होते. तरी पैसे गेले.

त्याच प्रकरणात दुसरा कागद होता, बँक रिसीट. रोखे प्रत्यक्ष हातात यायला वेळ लागतो, म्हणून विकणारी बँक लिहून द्यायची, की रोखे आमच्याकडे आहेत, तुमच्यासाठी राखून ठेवलेत. आपल्या बँक ऑफ कराडने आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँकेने मागे रोखे नसताना अशा रिसीटी लिहून दिल्या. मोठमोठ्या बँकांनी त्या घेतल्या, कारण कागदावर बँकेचं नाव होतं. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने एकूण भोक मोजलं ते चार हजार कोटींच्या वर. बँक ऑफ कराड त्यात बुडाली. कऱ्हाडच्या ज्या ठेवीदाराने दलाल स्ट्रीट कधी पाहिलीही नव्हती, त्याची बँक मुंबईत लिहिलेल्या कागदांपायी गेली.

आता या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. आमच्या ओम्नीत बँक खरी होती, कागद बदललेला. ग्रिंडलेजच्या चेकांत कागद खरा, पैसे भलत्या खात्यात. आणि कऱ्हाडच्या रिसीटीत कागद खरा, सही खरी, पण बँकेच्या शब्दामागेच काही नाही. 'बाउन्स होत नाही' हे वाक्य तिन्ही ठिकाणी म्हणता आलं असतं. कारण ते फक्त एका प्रश्नाचं उत्तर देतं: ड्राफ्ट काढणाऱ्याकडे पैसे आहेत का? बाकी प्रश्न तसेच उरतात, आणि ते विचारायचं आपण सोडून देतो. फसवणारा नेमका तिथे उभा असतो.

आता काय बदललं

बरंच बदललं. वीस हजार आणि त्यावरच्या ड्राफ्टवर 'अकाउंट पेयी' रेघ सक्तीची आहे. पन्नास हजार आणि त्यावरचा ड्राफ्ट रोख पैसे देऊन मिळत नाही, खात्यातूनच काढावा लागतो. पूर्वी ड्राफ्ट सहा महिने चालायचा, १ एप्रिल २०१२ पासून तीन महिने. १५ सप्टेंबर २०१८ पासून ड्राफ्टवर तो विकत घेणाऱ्याचं नावही छापतात. आमच्या झेरॉक्सवर ते नाही. असतं तर पाचशेचा ड्राफ्ट कुणी काढला हे निदान तिथेच वाचता आलं असतं. नव्या चेकांच्या कागदात वॉटरमार्क असतो, अतिनील दिव्याखाली दिसणारी शाई असते, झेरॉक्स काढली की उमटणारी अक्षरं असतात.

पण मला सगळ्यात गंमत वाटते ती पॉझिटिव्ह पे या पद्धतीची. १ जानेवारी २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने ती पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकांसाठी आणली. चेक लिहिणाऱ्याने चेकचा नंबर, तारीख, रक्कम आणि नाव बँकेला आधीच वेगळं कळवायचं. चेक आला की बँक दोन्ही जुळवून बघते. म्हणजे कागद एका वाटेने, खबर दुसऱ्या वाटेने. पोस्टाने येणारं ते ॲडव्हाइस ॲपमधून परत आलं की हो!

आणि एनईएफटी, आरटीजीएसमध्ये तर कागदच गेला. पैसे थेट खात्यात येतात. आपल्यापैकी बहुतेकांना आता ड्राफ्टशी गाठ पडते ती एखाद्या सरकारी फॉर्मच्या निमित्ताने, नाहीतर घराच्या रजिस्ट्रेशनच्या टेबलावर.

अमेरिकेत असलेल्या मित्रांसाठी एक सूचना. तिकडे कॅशियर्स चेक भरला की बँक साधारण दुसऱ्याच कामाच्या दिवशी ते पैसे वापरायला देते, कायदाच तसा आहे. पण पैसे वापरायला मिळाले म्हणजे चेक वटला असं नाही. खोटा निघाला तर काही दिवसांनी, कधीकधी आठवड्यांनी, रक्कम तुमच्या खात्यातून परत वजा होते. सोफा विकताना कुणी जास्त रकमेचा चेक देऊन 'वरचे पैसे मला पाठवून द्या' म्हणालं, तर सोफा घरातच राहू द्या.

इकडे ड्राफ्ट घ्यायचीच वेळ आली तर काय करायचं? बँकेच्या वेळेतच घ्यायचा. शक्य असेल तर समोरच्याबरोबर त्याच्या शाखेत जायचं आणि ड्राफ्ट डोळ्यांदेखत निघू द्यायचा. नाहीतर ज्या शाखेने काढला तिथे आपण स्वतः फोन करायचा आणि नंबर, रक्कम, नाव तिन्ही विचारायचं. फोन नंबर आपण शोधलेला, समोरच्याने दिलेला नाही. आणि पैसे पक्के जमा होईपर्यंत किल्ली खिशात.

हे सगळं मी बाबांना एका रविवारी वाचून दाखवलं. हुंडीच्या 'निमे' आणि 'दुप्पट'पाशी त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग उठून निळी फाईल काढली, झेरॉक्स बाहेर घेतली, चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "मी आकडा बघितला होता रे. अक्षरही बघितलं होतं. दोन्ही जुळत होतं."

"जुळणारच होतं बाबा," मी म्हटलं. "तुमची चूक नव्हती. तुमच्याकडे ताडून बघायला दुसरं काही नव्हतंच."

ते काही बोलले नाहीत. पण सोळा-सतरा वर्षांत या विषयावर घरात झालेलं हे पहिलं बोलणं.

वॅगनारचं म्हणाल तर त्या मुलाला मी सांगितलं, डीडी नको, एनईएफटी कर. तोही बिचारा लगेच तयार झाला. व्यवहाराचा दिवस परत शनिवारच निघाला. त्याने आमच्यासमोर एक लाख नव्वद हजार पाठवले, थोड्या वेळाने बाबांच्या फोनवर मेसेज आला. मी म्हटलं, "आले पैसे." बाबा म्हणाले, "मेसेज कुणीही पाठवेल."

खरंय की. तसे खोटे मेसेज पाठवूनही लोक गंडवतात. मी त्यांच्या खात्यात लॉगिन करून शिल्लक दाखवली. त्यांनी आकडा एकदा वाचला, मग बोट ठेवून परत वाचला. मग त्या मुलाला पाणी दिलं, आईने चहा केला, आणि बाबांनी गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

एकच. दुसरी सोमवारी, पासबुक भरून आणल्यावर.